घरातल्या सशांसाठी स्वतः बांधायचा पिंजरा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सशांसाठी पिंजरा बांधायचं ठरलं की लोक आधी विचारतात, जाळी कुठली घेऊ? जाळीचं नंतर बघू. आधी माप ठरवू या, कारण माप चुकलं तर सगळी मेहनत परत करावी लागते आणि मधल्या काळात हाल सशाचे होतात. खालची उत्तरं घराच्या आत राहणाऱ्या सशांसाठी आहेत. अंगणातल्या किंवा गच्चीवरच्या खुराड्याचे नियम वेगळे असतात.

पिंजरा नेमका केवढा हवा?

तुमच्या सशाकडूनच माप घ्या. तीन मापं लागतात. पहिलं, तो निवांत आडवा पडून पाय मागे ताणतो तेव्हा नाकापासून मागच्या पंजापर्यंतची लांबी. दुसरं, मागच्या पायांवर उभा राहून कान ताठ केले की कानाच्या टोकापर्यंतची उंची. तिसरं माप उडीचं. हे जरा अवघड वाटतं, पण फरशीवर सोपं जातं: ससा रमतगमत चालला असताना तीन उड्यांत किती फरशा ओलांडतो ते मोजा आणि फरशीच्या मापाने गुणा. फरशी फार गुळगुळीत असेल तर पातळ सतरंजी टाका, नाहीतर घसरण्याच्या भीतीने तो आखूड उड्या मारेल.

पिंजऱ्याची लांबी त्या तीन उड्यांपेक्षा कमी नको. रुंदी इतकी हवी की शौचाची ट्रे आणि पाण्याचं भांडं ठेवूनही ससा आडव्या दिशेने अंग ताणून पडू शकेल. उंची कानाच्या टोकाच्या वर वीतभर. ससा उभा राहून आजूबाजूला बघतो, तो त्याचा स्वभाव आहे. कायम वाकून राहावं लागलं तर मणक्यावर परिणाम होतो.

तयार आकडा हवा असेल तर ब्रिटनमधली रॅबिट वेल्फेअर असोसिएशन अँड फंड ही संस्था एका जोडीसाठी किमान ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १ मीटर उंच अशी सलग जागा सांगते, आणि ती चोवीस तास उपलब्ध असावी असं म्हणते. हा आकडा वाचून बरेच जण दचकतात. पण पिंजऱ्याला जोडून कुंपण घातलं आणि मधला दरवाजा कायम उघडा ठेवला, तर घराच्या एका कोपऱ्यातही या आकड्याच्या जवळ जाता येतं. नुसता पिंजरा म्हणाल तर दोन लहान-मध्यम सशांसाठी १७५ बाय १०५ सेंटीमीटरच्या खाली मी उतरणार नाही, आणि तोही दिवसातले बरेच तास बाहेर मोकळं फिरायला मिळणार असेल तरच.

सशांसाठी म्हणून तयार पिंजरे मिळतात. मग ते लहान कसे असतील?

बरेचसे असतातच. टेप घेऊन मोजा. आत ट्रे, गवत आणि भांडं ठेवल्यावर सशाला एक उडीही नीट मारता येत नाही असे पिंजरे सर्रास विकले जातात. घरी असा पिंजरा आधीच असेल तर टाकू नका. दार काढून तो मोठ्या कुंपणाच्या आत ठेवा, ससा त्याचा आडोशासाठी आनंदाने वापर करेल.

दुमजली केला तर जागा दुप्पट होते ना?

कागदावर होते, सशाला ती तशी मिळत नाही. ससा सपाटीवर धावणारा प्राणी आहे. त्याला सलग लांबी लागते, आणि दोन आखूड मजले मिळून एक लांब धाव होत नाही. आधी खालची जमीन पुरेशी करा, मग हौसेने एखादा मजला चढवा.

मजला केलाच तर तो ३५ सेंटीमीटरपेक्षा उंच नको. खाली लाकडी दांड्यांचा आधार द्या, वर न घसरणारं अंथरूण टाका आणि मोकळ्या कडेला छोटा कठडा लावा. सशाचा सांगाडा त्याच्या वजनाच्या फक्त ७ ते ८ टक्के असतो, मांजराचा १२ ते १३ टक्के. हाडं हलकी, पण मागच्या पायांचे स्नायू दणकट. वरून घसरून पडला किंवा दचकून जोरात लाथ मारली तर कंबरेचा मणका मोडू शकतो. मांजर जिथे सहज उडी टाकेल तिथे सशाच्या भरवशावर राहू नका. म्हाताऱ्या किंवा जाड सशासाठी तर मजला नकोच.

जाळीचे चौकोनी तुकडे घेऊ की घडीचं कुंपण?

दोन्ही चालतात, फक्त स्वभाव वेगळे. चौकोनी तुकडे म्हणजे कपाटासारखे कप्पे करायला मिळणारे, साधारण ३५ बाय ३५ सेंटीमीटरचे तारेचे पॅनेल. ते केबल टायने (ओढून घट्ट करायच्या प्लास्टिकच्या पट्टीने) बांधून हवा तो आकार देता येतो, कोपऱ्यात किंवा खिडकीखाली बसवता येतो. वेळ मात्र लागतो. घडीचं कुंपण म्हणजे पिल्लू कुत्र्यांसाठी मिळणारं, बिजागऱ्या असलेलं. ते पाच मिनिटांत उभं राहतं आणि पाहुणे आले की मिटवताही येतं.

कुंपण घेताना हिशोब नीट करा. ६० सेंटीमीटर रुंदीची ८ पानं असतील तर चौकोन केल्यावर १२० बाय १२० सेंटीमीटर जागा मिळते. तीच पानं लांबट मांडली तर १८० बाय ६०. धाव लांब झाली, पण क्षेत्रफळ पाऊण पटीवर आलं आणि ६० सेंटीमीटरच्या बोळात दोन ससे एकमेकांना ओलांडताना अडखळतात. अशी दोन कुंपणं जोडली की १६ पानं होतात. लांबीला ५ आणि रुंदीला ३ लावा, ३ मीटर बाय १८० सेंटीमीटर जागा तयार. वर सांगितलेल्या संस्थेच्या आकड्याच्या अगदी जवळ, तेही एक खिळा न ठोकता. जागा असेल तर मी डोळे मिटून हाच मार्ग सुचवेन.

चौकोनी तुकड्यांचा पिंजरा बांधायचा कसा?

१७५ बाय १०५ सेंटीमीटरचं उदाहरण घेऊ. लांबीला ५ पॅनेल, रुंदीला ३. चारही बाजू मिळून एका थराला १६ पॅनेल लागतात.

आता इथे एक मजेशीर हिशोब आहे. दोन थर म्हणजे ७० सेंटीमीटर उंची. त्यावरून बरेच ससे उडी मारून जातात, म्हणून छत हवं. ३२ अधिक छताचे १५, एकूण ४७ पॅनेल. तीन थर केले तर १०५ सेंटीमीटर उंची होते आणि बहुतेक सशांना छताची गरजच राहत नाही. एकूण ४८. एक पॅनेल जास्त, पण वरून मोकळं. साफसफाई करणाऱ्या माणसाला या मोकळेपणाची किंमत कळते. उडीबाज ससा असेल किंवा घरात मांजर असेल तर मात्र छत करा.

आधी चारही भिंती जमिनीवर आडव्या ठेवून स्वतंत्र बांधून घ्या, मग उभ्या करून कोपऱ्यात जोडा. प्रत्येक सांध्याला तीन केबल टाय लावायचे. या मापाच्या, तीन थरांच्या बिनछताच्या पिंजऱ्यात ८० सांधे होतात, म्हणजे २४० टाय. तुटतील, वाकडे बसतील, म्हणून ३०० घ्या. सुरुवातीला सगळे जरा सैल ठेवा, आकार काटकोनात आला की मग घट्ट ओढा. टायची गाठ आणि कापलेलं टोक बाहेरच्या बाजूला हवं. टोक अगदी मुळाशी कापा. अर्धवट कापलेलं टोक धारदार राहतं, त्याने डोळ्याला इजा होते. आतल्या बाजूला राहिलेली शेपटी ससा कुरतडतो.

तीन थरांची भिंत वरच्या बाजूला डुलते. वरच्या कडेला लांबच्या लांब लाकडी दांडा बांधला की ती ताठ होते. आणखी भक्कम हवं तर मागची भिंत घराच्या भिंतीला दोन ठिकाणी अडकवा.

दरवाजा समोरून आणि जमिनीपासून हवा. चार पॅनेल एकत्र बांधून ७० बाय ७० सेंटीमीटरचं दार करा. एका बाजूचे टाय किंचित सैल सोडले की त्याच बिजागऱ्या. दुसऱ्या बाजूला मजबूत कागदी चिमटे किंवा कडी लावा, वर एक आणि खाली एक, कारण ससा खालचा कोपरा नाकाने ढकलून बघतोच. दाराखाली आडवी तार राहू देऊ नका, उडी मारताना त्यात पाय अडकतो. वरून हात घालून ससा उचलायची सवय टाळा. सशाला वरून येणारी सावली शिकारी पक्ष्यासारखी वाटते. समोरचं दार उघडलं की तो आपण होऊन बाहेर येतो.

जाळीची भोकं किती मोठी चालतील?

३५ सेंटीमीटरच्या पॅनेलमध्ये ९ बाय ९ चौकटी असतील तर एक चौकट सुमारे ३.८ सेंटीमीटरची होते. मोठ्या सशाला ती ठीक आहे. ५ बाय ५ चौकटींचे पॅनेलही मिळतात. त्यांची भोकं ७ सेंटीमीटरची असतात, त्यात सशाचं डोकं जातं आणि मागे येत नाही. ते स्वस्त मिळाले तरी घेऊ नका. पिल्लांसाठी अडीच सेंटीमीटर किंवा त्याहून बारीक जाळी लागते. खालच्या थराला बाहेरून बारीक जाळी किंवा प्लास्टिक शीट बांधली तरी भागतं.

तळाला तारेची जाळी ठेवली तर लेंड्या खाली पडतील, साफ करायला सोपं. का नको?

कारण सशाच्या पायाला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते. तळव्यावर फक्त केस असतात. तारेवर रोज बसून ते केस झिजतात, कातडी सोलवटते, मग जखम होते आणि ती हाडापर्यंत जाऊ शकते. एकदा झालेली ही जखम भरायला फार काळ जातो आणि पुन्हा उलटते. रेक्स जातीच्या सशांचे केस मुळातच आखूड, त्यांना त्रास लवकर होतो. जाळीचा तळ असलेला पिंजरा घरात असेल तर आजच त्यावर सपाट फळी आणि अंथरूण टाका.

नुसती गुळगुळीत फरशीही बरोबर नाही. पाय फाकतात, ससा चालायचं टाळतो, आणि कडक जमिनीवर बसूनही तळवे दुखावतात.

तळ तीन थरांत करा. सगळ्यात खाली फरशी किंवा पिंजऱ्यापेक्षा थोडी मोठी प्लायवुडची फळी. त्यावर पाणी न जिरणारं काहीतरी: व्हायनिलचं फ्लोअरिंग किंवा पन्हळी प्लास्टिकची शीट. या शीटच्या कडा १०-१५ सेंटीमीटर वर दुमडल्या की उथळ तबकच तयार होतं, लेंड्या आणि गवत बाहेर सांडत नाही. कडा जाळीच्या बाहेरून येतील अशा घ्या. उघडी कड दिसली की ससा ती कुरतडणार, आणि गिळलेलं प्लास्टिक आतड्यात अडकू शकतं. सगळ्यात वर धुता येईल अशी सुती सतरंजी किंवा आखूड लव असलेली चादर. फासे असलेला गालिचा नको, त्यात नखं अडकतात. गवताच्या विणीच्या चटया उत्तम. ससा त्या खाऊन संपवतो, पण त्याने काही बिघडत नाही.

लाकडाचा पिंजरा बांधला तर?

बांधा, पण तो खाल्ला जाणार हे धरून बांधा. सशाचे पुढचे दात आठवड्याला सुमारे २ ते ३ मिलिमीटर वाढतात आणि आयुष्यभर वाढत राहतात. त्यामुळे लाकूड रसायनं न लावलेलं हवं. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा-तुकडे दाबून केलेल्या फळ्या) नको, त्यांच्या चिकटद्रव्यात फॉर्मल्डिहाइड असतं. जुन्या दारा-खिडक्यांचं लाकूड वापरत असाल तर त्यावरचा जुना रंग ही खरी काळजी, कारण जुन्या रंगांत शिसं असायचं. प्लायवुड वापरायचं तर उघड्या कडांवर धातूची पट्टी मारा. लाकडात लघवी मुरली की वास जात नाही, म्हणून तळाला लाकूड उघडं ठेवू नका.

जस्ताचा मुलामा दिलेली तारही सतत चाटली-चावली तर जस्त पोटात जाऊन विषबाधा होऊ शकते. चावणारा ससा असेल तर ती टाळा.

पिंजरा घरात कुठे ठेवावा?

माणसं बसतात-उठतात तिथे, पण रहदारीच्या वाटेत नाही. एका बाजूला तरी भिंत हवी, चारही बाजूंनी उघडा पिंजरा सशाला धास्तावतो. टीव्ही आणि स्पीकरपासून लांब. थेट ऊन नको. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून सोडतो. १५ ते २१ अंश सेल्सियस त्याला मानवतं. ३० च्या वर गेलं की उष्माघाताचा धोका सुरू होतो, आणि लांब केसांच्या किंवा जाड सशांना त्याआधीच. म्हणून खिडकीतून येणारं ऊन दुपारी कुठवर पोचतं ते आधी बघा, मग जागा पक्की करा. थंड फरशीचा एखादा तुकडा आत कायम ठेवावा.

विजेच्या वायरी पिंजऱ्यापासून किमान हातभर दूर, किंवा कडक नळीत घातलेल्या. जाळीतून आत ओढून घेता येईल असा पडदाही जवळ नको.

आत काय काय ठेवायचं?

शौचाची ट्रे, आणि ती मोठी: ससा आत पूर्ण वळू शकेल एवढी. ससा गवत खाता खाता लेंड्या टाकतो, म्हणून गवताची घोडी (गवत अडकवायची चौकट) ट्रेच्या अगदी वर किंवा शेजारी बांधा. हा एक बदल केला की निम्मी सवय आपोआप लागते. ट्रेमध्ये कागदाच्या गोळ्या किंवा फाडलेला साधा कागद, वर गवत. मांजरांसाठीची गुठळ्या धरणारी वाळू नको, पोटात गेली तर तिथेही ती गुठळीच धरते. देवदार-चीडच्या ताज्या भुशातली सुगंधी द्रव्यं सशाच्या यकृताला मानवत नाहीत.

पाण्यासाठी जड मातीचं किंवा चिनी मातीचं भांडं. बाटलीच्या नळीपेक्षा ससे भांड्यातून पाणी जास्त आणि सहज पितात.

लपायला एक खोकं द्या, पण त्याला दोन दारं हवीत. एकच दार असेल तर आतला ससा कोंडला जातो आणि जोडीतला दबंग ससा दारात ठाण मांडतो. साधा पुठ्ठ्याचा खोका पुरतो, फक्त पिना आणि चिकटपट्टी काढून टाका.

वास येतो. काय करावं?

लेंड्यांना फारसा वास नसतो, वास लघवीचा. ट्रेमधला ओला भाग रोज काढा. डाग पांढऱ्या व्हिनेगरने पुसा, सशाच्या लघवीतला चुनकट थर त्याने सुटतो. तरीही नर भिंतींवर फवारे मारत असेल तर तो प्रश्न साफसफाईचा नाही, नसबंदीचा आहे.

ससा रात्रभर जाळी चावतो. जाळी जाड घेऊ का?

जाळी जाड घेतलीत तर दात तुटतील. हा ससा तुम्हाला सांगतोय की जागा पुरत नाही, किंवा जागा आहे पण करायला काही नाही. पहाटे आणि तिन्हीसांजेला ससे सर्वांत चपळ असतात, आणि नेमके त्याच वेळी बरेच जण दार बंद ठेवतात. दार संध्याकाळी उघडा. कुरतडायला सफरचंदाच्या झाडाच्या फांद्या, खणायला कागद भरलेलं खोकं, गवतात लपवलेला खाऊ द्या. त्यानेही फरक पडला नाही तर पिंजरा आणखी दोन पॅनेलने लांबवा. तुकड्यांच्या पिंजऱ्याचा हा मोठा फायदा, सशाच्या मागणीप्रमाणे तो वाढतो.

एकाच सशासाठी निम्मा पिंजरा पुरेल?

नाही. तीन उड्यांना लागणारी लांबी एका सशालाही तेवढीच लागते. आणि ससा कळपाने राहणारा प्राणी आहे, जमल्यास त्याला जोडीदार द्या.

जोडीदार आणताना थेट पिंजऱ्यात सोडू नका, जुना ससा आपली हद्द राखायला नव्याला गंभीर जखमी करू शकतो. दोन्ही सशांची नसबंदी झालेली हवी, आणि नर शस्त्रक्रियेनंतरही सहा आठवड्यांपर्यंत पिल्लं देऊ शकतो हे ध्यानात ठेवा. गर्भ सुमारे ३१ दिवसांचा असतो, आणि मादी व्यायल्या दिवशीच पुन्हा गाभण राहू शकते. सुरुवातीला मधे दुहेरी जाळी घाला, दोन जाळ्यांमध्ये चार-पाच सेंटीमीटर अंतर ठेवून, म्हणजे वास मिळेल पण नाक चावलं जाणार नाही. पुढच्या भेटी दोघांनाही अनोळखी अशा जागी घडवा.

घरात जागाच नाही. मग ससा पाळूच नये का?

आधी घराकडे सशाच्या उंचीवरून बघा. पलंगाखाली, जेवणाच्या टेबलाखाली, भिंतीलगत बाकाखाली कितीतरी लांबी पडून असते. टेबलाच्या पायांना जाळी बांधून खाली सशाचं घर आणि पुढे घडीचं कुंपण, असं लहान घरातही छान बसतं. तेही जमत नसेल तर ससा आणू नका, हे मी स्पष्ट सांगेन. घरात नीट सांभाळलेले ससे आठ ते बारा वर्षं जगतात. तेवढी वर्षं त्याला एका खोक्यात बसवायचं असेल तर त्याने आपल्याकडे न आलेलं बरं.

पिंजऱ्याची देखभाल किती?

ट्रे रोज, अंथरूण आठवड्यातून एकदा. महिन्यातून एकदा सगळे सांधे हाताने चाचपून बघा. सैल झालेले किंवा चावलेले टाय बदला, जाळीचा निघालेला मुलामा कानसेने साफ करा किंवा ते पॅनेलच बदला. अंथरुणाला भोक पडलं की ते फेकून द्या, धागे पोटात जातात.

साफ करताना लेंड्यांकडे लक्ष असू द्या. त्या लहान, वेड्यावाकड्या किंवा केसांनी माळेसारख्या जोडलेल्या दिसू लागल्या तर गवत वाढवा. ससा बारा तास काही खात नसेल किंवा ट्रे कोरडीच राहिली असेल, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री पशुवैद्याकडे न्या. त्यासाठी वाहून नेण्याची पेटी पिंजऱ्याशेजारीच, दार उघडं ठेवून, आत गवत घालून ठेवलेली बरी. रोजच्या वावरात ती ओळखीची झाली की आजारी ससा तिच्यात झटापट न करता शिरतो.